पाय, भाईंदर पद्धतीचा

परदेशी पाककृतीच्या डोक्यावर 'सहा जणांसाठी' असं लिहिलेलं असतं. लिहिणाऱ्याने मिरा-भाईंदर पाहिलेलं नाही हे तिथेच कळतं. आमच्याकडे पदार्थ किती जणांना पुरेल हा प्रश्न फार उशिरा येतो. कुणाला चालेल, कुठल्या वारी चालेल आणि खिडकी उघडी ठेवून शिजवता येईल का, हे आधी. आमच्या मजल्यावर चार घरं आहेत. एकात कांदा-लसूण नाही. एकात बटाटाही नाही. एकात सगळं चालतं, पण बोकड कुणी आणि कसा कापला हे विचारून. चौथं आमचं. आमच्याकडे ठरावीक वार सोडले तर काहीही चालतं, आणि हे ठरावीक वार सोडले तर आठवड्यात फारसं काही उरत नाही.

अशा मजल्यावर 'मीट अँड पोटॅटो पाय' करायचं निघालं. ज्याच्या नावातल्या दोन्ही जिनसांवर शेजाऱ्यांना हरकत घेता येते असा दुसरा पदार्थ मला आठवत नाही. मटणावर हरकत घेणारे शेजारी कुठेही मिळतात. बटाट्यावर हरकत घेणारे मिळायला भाईंदरला घर घ्यावं लागतं.

हे निघालं माझ्या भाच्यामुळे. तो इंग्लंडात यॉर्कशरमध्ये, हडर्सफील्डला असतो. तिकडून येणारी मुलं पूर्वी चॉकलेटं आणायची. हा पायचं भांडं घेऊन आला. तिरक्या काठाचं, पत्र्याचं, परातीपेक्षा लहान आणि ताटलीपेक्षा खोल. "मामा, आपण पायला इंडियन ट्विस्ट देऊया," तो म्हणाला. आमच्या स्टेशनबाहेर ट्विस्ट या प्रकाराचा एक ठरलेला अर्थ आहे: पदार्थात शेजवान चटणी घालणे. डबल ट्विस्ट म्हणजे वरून चीज किसणे. डोसा, भेळ, फ्रँकी, मोमो या सगळ्यांना हा ट्विस्ट मिळून गेलेला आहे आणि आता त्यांच्यात ओळख पटण्यासारखं काही उरलेलं नाही. म्हणून मी आधी विचारून घेतलं की मूळ पाय असतो तरी कसा.

"मटणाचे तुकडे, बटाटा, कांदा, पाणी. मीठ, मिरपूड. हे मैद्याच्या जाड आवरणात बंद करायचं आणि ओव्हनमध्ये ठेवायचं."

"आणि मसाला?" बायकोने विचारलं.

"मिरपूड म्हटलं ना."

"ती झाली. मसाला?"

भाचा गप्प बसला. दीडशे वर्षं राज्य करून गेलेल्या लोकांबद्दल बायकोच्या मनात जो काही धाक शिल्लक होता तो त्या क्षणी गेला. (तिकडे त्यात सर्रास बीफ घालतात, पण त्याबद्दल सोसायटीच्या आवारात बोलायचं नाही असं आमच्यात न बोलताच ठरलं.)

तरी त्या पायचा इतिहास ऐकण्यासारखा निघाला. हडर्सफील्डजवळ डेन्बी डेल नावाचं एक खेडं आहे. त्या गावाला काही आनंद झाला की गाव मिळून एक अवाढव्य पाय करतं. आपल्याकडे भंडारा असतो तसाच प्रकार, फक्त बुंदीच्या जागी मांस. पहिला केला १७८८ साली, राजा तिसरा जॉर्ज दुखण्यातून उठला म्हणून. पुढे वॉटर्लूची लढाई जिंकली, पाय. १८४६ मध्ये धान्यावरचे कायदे रद्द झाले, पाय. त्या वेळी गर्दी इतकी लोटली की पाय ठेवलेला मंचच कोसळला. आणि मग आलं १८८७. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीला पन्नास वर्षं झाली. गावाने आजवरचा सगळ्यात मोठा पाय करायला घेतला. ऑगस्टचे दिवस. मांस एकदम शिजेना म्हणून टप्प्याटप्प्याने शिजवून भरत गेले. वाजत गाजत मिरवणूक निघाली, हजारो माणसं जमली, मानकऱ्याने सुरी घातली आणि जो वास सुटला त्याने पुढच्या रांगा मागच्या रांगांवर गेल्या. राणीच्या सन्मानार्थ केलेला तो पाय शेवटी रानात नेऊन चुना टाकून पुरला. त्यावर आठवडाभरात गावातल्या बायकांनी दुसरा पाय करून वाढला. त्याला नाव पडलं 'पुनरुत्थानाचा पाय'. पुरुषांच्या समितीने घोळ घालायचा आणि बायकांनी निस्तरायचा, ही पद्धत आपल्याच गणेशोत्सव मंडळांची आहे असं मी इतके दिवस समजत होतो.

दुसरी माहिती त्याहून आपलेपणाची. जुन्या लँकेशरमधलं विगन नावाचं एक गाव आहे. तिथले लोक हा मटण-बटाट्याचा अख्खा पाय लोणी लावलेल्या पावात घालून खातात. पीठ, त्यात बटाटा, त्याभोवती पीठ, त्याभोवती पाव. बाकीचं इंग्लंड त्यांना हसतं. आमच्या घरात कुणीही हसलं नाही. "म्हणजे समोसा-पाव," बायको म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. मला विगनच्या लोकांबद्दल एकदम जिव्हाळा वाटला. या लोकांना संध्याकाळी सहा चाळीसच्या विरार लोकलमध्ये उभं केलं तर ते आपोआप आत सरकतील.

आता वार. भाचा आला डिसेंबरात, म्हणजे मार्गशीर्षात. नाताळ आणि मार्गशीर्ष बहुतेक वर्षी एकमेकांच्या अंगावर येतात, आणि परदेशातल्या मुलांची सुट्टी नेमकी त्यातच पडते. त्यांना वर्षभर ज्याची आठवण येते ते मटण घरात बंद असतं. मार्गशीर्ष संपल्यावरही सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा आणि स्वामींचा, शनिवार मारुतीचा. शुक्रवारी बायकोची देवी. बुधवार मोकळा असतो, पण बुधवारी मटण खाणारा माणूस आमच्या नात्यात जरा उडाणटप्पू समजला जातो. राहिला रविवार, आणि त्या रविवारी संकष्टी. इंग्रजी पाककृतीत ओव्हनचं तापमान दिलेलं असतं, तिथी दिलेली नसते.

अर्थात वार पाळणं हे आमच्या शहरात घरापुरतं नाही. २०१५च्या सप्टेंबरात आमच्या महापालिकेने जैनांच्या पर्युषणाचे आठ दिवस शहरात कत्तल आणि मांसविक्री बंद ठेवायचं ठरवलं, आणि ज्यांनी भाईंदर हे नाव फक्त प्लॅटफॉर्मच्या इंडिकेटरवर वाचलं होतं त्यांनाही ते वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर वाचायला मिळालं. मुंबईतल्या बंदीवरून प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. तिथे बंदीतून मासे का वगळले असा प्रश्न निघाला, तेव्हा सरकारतर्फे सांगण्यात आलं की मासा पाण्याबाहेर काढला की मरतोच, त्याची काही कत्तल होत नाही. उत्तनच्या बंदरात एखाद्या कोळणीसमोर हे वाक्य म्हणून दाखवायची माझी फार इच्छा आहे. धाडस होत नाही, एवढंच.

तर एक निर्वेध रविवार शोधून मी मीरा रोडला नया नगरच्या बाजूला मटण आणायला गेलो. पाय करायचाय म्हटल्यावर जो विनोद होऊ शकतो तो खाटकाने लगेच केला आणि चार खूर काढून ठेवलेही. त्यामुळे तो विनोद मी इथे पुन्हा करत नाही. खरी अडचण पुढे आली. पायला बिनहाडाचं मटण लागतं.

"बोनलेस?" त्याने सुरा खाली ठेवला. "घर में कोई बीमार है?"

"नाही, नवीन पदार्थ आहे. इंग्लिश."

"इंग्लिश," तो म्हणाला, म्हणजे आजारी आहेच. रांगेतल्या बाकीच्यांनीही सहानुभूतीने पाहिलं. रविवारच्या मटणाच्या रांगेत जातपात, भाषा, पक्ष काही राहत नाही असं मला नेहमी वाटतं. सगळे एकाच नळीकडे डोळे लावून उभे असतात. त्यात एखादा माणूस स्वतःहून नळी नको म्हणतो हे त्यांना बघवेना. शेवटी खाटकाने मांडीचे तुकडे करून दिले आणि नळी वेगळ्या पिशवीत घालून वर ठेवली. "ये आपके लिए. इंग्लिश को मत देना."

घरी भाच्याने मैदा आणि लोण्याचं आवरण करून आधी नुसतंच भाजून पाहिलं. लोण्याचा वास डक्टमधून वर गेला. आमच्या इमारतीत डक्ट हे अधिकृत वृत्तपत्र आहे. कुणाकडे सुकट भाजली, कुणाचं दूध उतू गेलं, कुणाकडे पाहुणे आलेत, सगळं त्यातून कळतं. सुकटीच्या वेळी सोसायटीच्या ग्रुपवर 'सर्व सभासदांना विनंती' अशी सुरुवात असलेला निरोप येतो. लोण्याच्या वेळी बेल वाजली. दारात समोरच्या बेन.

"भाभी, केक?"

बायकोने खरं काय ते सांगितलं, पण सौम्य करून, म्हणजे मटण शेवटी आणि बारीक आवाजात. बेन दारातच एक पाऊल मागे सरकल्या, मग पुन्हा पुढे आल्या. "मुंबई में सब चीज का जैन बनता है. इसका नहीं बनता?"

हे मात्र खरं आहे. जैन पावभाजी, जैन पिझ्झा, जैन वडापाव. बटाट्याच्या जागी कच्चं केळं घालायचं आणि पुढे जायचं. बटाटा जमिनीखाली येतो, त्याच्या एका कंदात अनंत जीव मानतात. केळं उघड्यावर लटकत वाढतं, त्याच्या चारित्र्याबद्दल शंका नाही. भाच्याने इंग्रजांकडेही बिनमटणाचा पाय असल्याचं सांगितलं. दुसऱ्या महायुद्धात मांसाला रेशन लागलं तेव्हा लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलच्या आचाऱ्याने भाज्यांचा पाय बसवला आणि अन्नमंत्री लॉर्ड वूल्टन यांच्या नावाने तो १९४१च्या सुमारास घरोघरी गेला. बेननी उत्सुकतेने विचारलं की त्यात काय काय असतं. बटाटा, गाजर, स्वीड नावाचा सलगमचा भाऊ, कांद्याची पात आणि फ्लॉवर. बेनच्या चेहऱ्यावर वूल्टनसाहेबांबद्दल अपार करुणा दिसली. मांस सोडायचं पुण्य केलं बिचाऱ्याने, आणि ते जवळपास सगळं जमिनीखालच्या वस्तू भरून घालवलं. फ्लॉवरही त्यांच्याकडे अळ्यांमुळे संशयितच.

"मैं बताती हूँ," म्हणून त्या गेल्या. आमच्या मूळ पायला मात्र ट्विस्ट सापडेना. शेजवान मी नामंजूर केलं. पनीर भाच्याने नामंजूर केलं. मालवणी मसाल्यावर एकमत होत होतं, तेवढ्यात बायकोला उत्तनच्या आंटी आठवल्या. सारण डब्यात भरून आम्ही त्यांच्याकडे निघालो.

आंटी म्हणजे बायकोबरोबर शाळेत शिकवायच्या त्या. भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस पकडली की पहिल्या काही मिनिटांत शहर संपतं. मुर्धा, राई, मोरवा. मिठागरं, आगरी घरं, तुळशी वृंदावनं. मग डोंगरीपासून क्रूस दिसायला लागतात, वाळत घातलेल्या बोंबलांचा वास येतो, आणि पुढे समुद्र. आठ लाखांहून जास्त वस्तीच्या या महापालिकेचा हाही भाग आहे हे उंच इमारतींतल्या लोकांना निवडणुकीतच आठवतं. इथे पोर्तुगीज दोन शतकं होते. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा ते गेले, त्यांनी आणलेला बटाटा राहिला. इथले ख्रिस्ती मराठी बोलतात आणि स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवतात. नकाशा बघितला तर भाईंदर हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्याला आहे, तेव्हा नवख्या माणसाचा गोंधळ होतो. भाच्याचा झाला.

आंटींनी समजावून सांगितलं. कंपनी सरकारच्या काळापासून इथले लोक इंग्रजांच्या नोकरीत. पुढे गोव्याचे आणि मंगळूरचे ख्रिस्ती मुंबईत नोकरीला यायला लागले, तेव्हा आपण वेगळे हे साहेबाला कळावं म्हणून जुन्या कंपनीचं नाव लावलं. "क्वीन व्हिक्टोरियाच्या ज्युबिलीला. अठराशे सत्त्याऐंशी."

भाचा उठून उभा राहिला. एका राणीच्या एकाच उत्सवात हडर्सफील्डजवळच्या गावाने पाय नासवला आणि आमच्या किनाऱ्याने नाव घेतलं. नाव टिकलं. आंटींना पायची हकीकत सांगितल्यावर त्यांनी अनुभवी गृहिणीचा एकच प्रश्न विचारला: "व्हिनेगर नव्हतं घातलं?"

मग त्यांनी आमचा डबा उघडून आत पाहिलं. इंग्रजी पद्धतीचं सारण, पांढरट, मिरपूड घातलेलं. काही बोलल्या नाहीत. कपाटातून काळपट बिअरची बाटली काढली. भाच्याचे डोळे चमकले, पण आत मसाला होता. बॉटल मसाला उन्हाळ्यात करतात. मिरच्या, धणे, हळद, तीळ, खसखस, गहू, चणे आणि गरम मसाल्याचं सगळं गणगोत उन्हात वाळवायचं, भाजायचं, कुटायचं आणि उजेड लागू नये म्हणून गडद बाटलीत ठासून भरायचं. दर घराचं माप वेगळं, आणि ते लग्न होऊन आलेल्या सुनेलाही पहिल्या वर्षी सांगत नाहीत. आंटींनी दोन चमचे सारणात घातले. रंग बदलला. बायकोच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच इंग्लंडबद्दल थोडी आशा दिसली.

"आणि हा मैदा कशाला?" आंटी म्हणाल्या. "बटाटा आहे ना."

आता खरी गोष्ट. ईस्ट इंडियन घरांत, आणि गोव्यातही, पोटॅटो चॉप नावाचा पदार्थ पिढ्यान्‌पिढ्या होतो. उकडलेला बटाटा कुस्करून त्याची वाटी करायची, आत मसालेदार खिमा भरायचा, तोंड बंद करून चपटं करायचं, अंड्यात बुडवून रव्यात घोळवून तव्यावर तळायचं. इंग्रज बटाटा आत ठेवून बाहेर मैदा लावतो. इथल्या बायकांनी बटाट्यालाच बाहेर काढलं आणि मैद्याला सुट्टी दिली. मटण-बटाट्याच्या पायला याहून हुशार ट्विस्ट देता येईल असं मला वाटत नाही, आणि तो ज्यांनी दिला त्यांनी त्याला ट्विस्ट म्हटलं नाही, संडे लंच म्हटलं. गोव्यात तर कोळंबीच्या पायला तांदळाचं आणि ताडीचं आवरण करतात, लग्नाकार्याला एंपादिन्या नावाचे डुकराच्या मांसाचे छोटे पाय असतात. आमचा भाचा हजारो मैलांवरून पत्र्याचं भांडं घेऊन जे शोधायला आला होता ते उत्तनच्या बसच्या शेवटच्या स्टॉपवर गरम गरम मिळत होतं.

पण भांडं आणलंय म्हटल्यावर ते वापरलं पाहिजे. आंटींनी त्यात बोटभर जाड बटाट्याचा थर लिंपला, लाल झालेलं मटण भरलं, वरून पुन्हा बटाटा, अंडं, रवा. नाताळाच्या वेळी गावातल्या बायका केकचे ट्रे जिथे भाजायला देतात त्या बेकरीत तो गेला. परत आला तेव्हा वर सोनेरी पापुद्रा होता आणि बेकरीवाल्याने कोपऱ्यातून एक चमचा खाऊन पाहिल्याची खूण होती. आम्ही तो पावात घालून खाल्ला, विगनला स्मरून. नळीचा रस्सा बायकोने वेगळा केला होता. तो इंग्लिशला दिला नाही.

निघताना आंटींनी बाटलीतला थोडा मसाला कागदात बांधून दिला आणि तो बेनच्या उपयोगी पडला. बेननी तोवर केळं, वाटाणे आणि सोयाबीनच्या वड्या असं सारण ठरवलं होतं. मसाल्याची त्यांनी फोनवर आंटींकडून कसून चौकशी केली. लसूण नाही? नाही. आलं? नाही. हळद? आहे, पण वाळवलेली. ओली हळद चालत नाही, वाळवलेली चालते, सुंठेचंही तसंच. खसखशीपाशी त्या जरा घुटमळल्या, मग पुढे गेल्या. पाय त्यांच्या घरी, त्यांच्या भांड्यात, त्यांच्या ओव्हनमध्ये, तुपाच्या आवरणात झाला. आमच्या भाच्याला अंघोळ करून बोलावलं होतं, आणि आमचं पत्र्याचं भांडं दारातूनच परत पाठवलं.

ते सूर्यास्ताच्या आत जेवतात. जानेवारीत सूर्य सव्वासहाच्या पुढेमागे बुडतो, म्हणून साडेपाचला सगळे टेबलाभोवती जमलो. बेननी त्रिकोणी तुकडे कापले. आवरण खुसखुशीत, आत लालसर रस, बॉटल मसाल्याचा दरवळ. भाच्याने मान डोलावली. बायकोने माप विचारून घेतलं. बेनचे यजमान बोलणारे गृहस्थ नाहीत. कापडाच्या धंद्यात आहेत, सोसायटीचे खजिनदार आहेत, सुकटीबद्दलचे निरोप तेच लिहितात. त्यांनी एक घास घेतला, डोळे मिटले, सावकाश चावला आणि मनापासून म्हणाले, "वाह! एकदम मटन जैसा."

बेनची सुरी तुकड्यात अर्धी जाऊन थांबली.

"आपको कैसे पता?"

"नहीं... मतलब..." भाईंनी आधी भाच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे पाहिलं. "लोग बोलते हैं."